रक्तदाबाच्या गोळीची कथा

गेल्या दिवाळीत चार दिवस गावी गेलो होतो. सकाळी ओट्यावर चहा घेत बसलो असताना शेजारच्या काकू हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात औषधांच्या पट्ट्या होत्या. काही अर्ध्या, काही कोऱ्या. काकूंना आठ वर्षांपासून रक्तदाब आहे. त्यांची धाकटी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला सातवा महिना लागला होता, आणि उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी तिचा दाब वाढल्याचे सांगून तिला लगेच तालुक्याच्या दवाखान्यात न्या म्हणून बजावले होते.

"सणासुदीचं कुठं जायचं रे तालुक्याला?" काकू म्हणाल्या. "दाबाच्या गोळ्या माझ्या घरात आहेतच. त्यातली अर्धी हिला दिली तर भागेल ना? तू शिकलेला आहेस, तेवढं नाव वाचून सांग."

मी नाव वाचले. त्याच्या शेवटी 'सार्टन' अशी अक्षरे होती. तो डबा मी काकूंच्या हातून जवळजवळ काढूनच घेतला.

वाचकहो, मी वैद्य नव्हे. महाविद्यालयात इतिहास शिकवतो, एवढीच माझी पात्रता. कोणाला कोणती गोळी द्यावी हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण काकूंना रोज जीवदान देणारी तीच गोळी त्यांच्या मुलीच्या पोटातल्या बाळाला घातक का ठरावी, आणि हे माणसाला कधी, कसे कळले, ही मात्र इतिहासाचीच गोष्ट आहे. ती आज सांगावयाची आहे.

आरंभ मोजण्यापासून करू. आपल्याकडे वैद्य नाडी पाहत, तिची गती आणि चाल यांवरून अनुमान बांधीत. परंतु रक्त नळीच्या भिंतीवर किती जोराने रेटते याचे माप त्यांच्यापाशी नव्हते, आणि युरोपातल्या वैद्यांपाशीही नव्हते. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाने एका घोडीच्या रोहिणीत नळी बसवली आणि रक्त त्या नळीत आठ फुटांहून अधिक उंच चढलेले पाहिले. १७३३ साली त्याने हा प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. प्रयोग मोठा, पण माणसावर करता येण्याजोगा नव्हे. १८९६ साली इटलीतल्या तुरिन शहरी रिवा-रोची या डॉक्टराने दंडाभोवती गुंडाळून हवा भरण्याची पट्टी आणि पाऱ्याची नळी यांची सांगड घातली. नऊ वर्षांनी, १९०५ साली, कोरोत्कॉफ या रशियन शल्यवैद्याने त्या पट्टीखाली कोपराच्या खळगीत श्रवणनळी लावली आणि ठोके कोठे सुरू होतात, कोठे विरतात ते ऐकले. ठोका ऐकू येऊ लागतो तो वरचा आकडा, विरतो तो खालचा. उपकेंद्रातल्या बाई १२० आणि ८० असे जे दोन आकडे कार्डावर लिहितात ते या दोघांच्या कृपेने.

मोजता आले खरे, पण मोजून करायचे काय याबद्दल पुढची चाळीस वर्षे गोंधळच होता. वय झाले की नळ्या कडक होतात. अशा कडक नळ्यांतून रक्त पुढे ढकलायचे तर जास्त जोर लागणारच. तेव्हा हा वाढलेला दाब शरीराला आवश्यक आहे, त्याला हात लावू नये, असे मोठमोठे डॉक्टर मानीत. इंग्रजीत या विकाराला 'इसेन्शियल', म्हणजे आवश्यक, असे विशेषण चिकटले ते या समजुतीतून, आणि समजूत गेली तरी विशेषण अजून पुस्तकांत आहे.

या समजुतीचा सर्वांत ठळक बळी म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. १९४४ च्या मार्चमध्ये ब्रुएन नावाच्या तरुण हृदयतज्ज्ञाने त्यांना तपासले तेव्हा त्यांचा दाब १८६ आणि १०८ होता. अध्यक्षांचे नेहमीचे डॉक्टर कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते, आणि ते लोकांना सांगत की अध्यक्षांची प्रकृती त्यांच्या वयाच्या मानाने उत्तम आहे. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, हृदयासाठी थोडे औषध घ्या, यापलीकडे ब्रुएनपाशीही फारसे काही नव्हते. १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टाला चर्चिल आणि स्टालिन यांच्याबरोबर बसून जगाची वाटणी चालली होती तेव्हा या माणसाचा दाब २६० च्या घरात होता. १२ एप्रिल १९४५ रोजी चित्रकारापुढे बसले असता त्यांनी डोक्याचा मागचा भाग फार दुखतो म्हणून सांगितले आणि ते कोसळले. तेव्हाचा वरचा आकडा ३०० वर होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाला जे मिळू शकले नाही ते आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुलांना ते खरे वाटत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू, कारण या कथेतले पहिले खरे औषध आपल्या मातीतले आहे.

सर्पगंधा हे झुडूप हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेच्या रानांपर्यंत उगवते. विंचू-सापाच्या विषावर, तापावर आणि वेडावर तिची मुळी देण्याचा प्रघात पुरातन. बिहारकडे तिला 'पागल की दवा' असेच नाव पडले होते. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. या मुळीच्या चूर्णाने वेडाचा झटका तर शमतोच, पण वाढलेला रक्तदाबही उतरतो, असे त्यांनी लिहिले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी त्या मुळीतून काही क्षार वेगळे काढले आणि हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ एकाला 'अजमलीन' असे नाव दिले. एक कविराज, एक पाश्चात्त्य विद्येचा डॉक्टर, एक रसायनशास्त्रज्ञ आणि स्फूर्ती हकिमाची! आयुर्वेद श्रेष्ठ की ॲलोपॅथी, असे वाद घालणाऱ्यांनी ही चौकडी ध्यानात ठेवावी.

पण भारतात लिहिलेले जगात कोण वाचणार? ते काम मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी केले. के. ई. एम. रुग्णालयातले हे हृदयतज्ज्ञ. त्यांनी ५० रोग्यांना या मुळीच्या गोळ्या देऊन, आधीचा दाब, नंतरचा दाब, कोणाला काय त्रास झाला, हे सर्व टिपून ठेवले आणि १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात ते छापून आणले. तो लेख वाचून अमेरिकेत बॉस्टनच्या डॉ. विल्किन्स यांनी मुळी मागवली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या बाझेल शहरात तिच्यातला मुख्य क्षार वेगळा निघाला. त्याचे नाव रिसर्पिन. १९५७ साली अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार वकिलांना मिळाला. के. ई. एम. च्या फाटकावरून रोज शेकडो मराठी माणसे जातात. हे नाव त्यांतल्या किती जणांना माहीत असेल, मला शंका आहे.

वकिलांचे मोठेपण औषध शोधण्यात नव्हते. औषध तर शतकानुशतके होतेच. त्यांनी ते मोजले. 'गुण येतो' आणि 'इतक्या जणांना, इतक्या दिवसांत, इतका उतार पडला, आणि इतक्यांना अमुक त्रास झाला' या दोन वाक्यांत जे अंतर आहे ते आज आपण सुरक्षितता म्हणतो त्या गोष्टीचे मूळ होय.

कारण त्रास होतेच. रिसर्पिनने नाक चोंदे, सुस्ती येई. मोठ्या मात्रेत घेणाऱ्या काहींचे मन इतके खिन्न होई की कशातच रस उरत नसे. आणि १९५५ च्या सुमारास आणखी एक गोष्ट ध्यानात आली. बाळंत होण्याच्या आधी ज्या बायांना हे औषध दिले होते त्यांची काही बाळे जन्मतःच नाक चोंदलेली, सुस्त अशी निघू लागली. नुकत्या जन्मलेल्या मुलाला तोंडाने श्वास घेण्याची सवय नसते. त्याचे नाक बंद झाले की जीव घाबरा होतो, दूध ओढता येत नाही. आईने घेतलेले औषध बाळापर्यंत पोहोचते याची ही साक्ष होती. ती त्या वेळी पुरेशा गांभीर्याने कोणी घेतली नाही.

ती गांभीर्याने घ्यायला जगाला एक भयंकर अनर्थ पाहावा लागला. थॅलिडोमाइड हे काही रक्तदाबाचे औषध नव्हे. झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी ते १९५७ पासून जर्मनीत विकले जात होते. १९६१ च्या अखेरीस ते बाजारातून काढले तोपर्यंत हजारो मुले हातापायांवाचून जन्मली होती. तेव्हापासून 'मोठ्या माणसाला चालते' एवढ्यावर कोणतेही औषध गरोदर बाईला द्यायचे नाही, असा दंडक पडला.

इकडे रक्तदाबाच्या औषधांची प्रगती झपाट्याने चालू होती. १९५८ पर्यंत लघवी वाढवून मीठ बाहेर टाकणाऱ्या गोळ्या आल्या. पुढे हृदयाचा ठोका आवरणारी औषधे आली. तरीही जुना प्रश्न उरलाच होता : दाब उतरवून माणूस खरोखर वाचतो का? त्याचे उत्तर अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत मिळाले. डॉ. फ्राइस यांच्या मार्गदर्शनाखाली, खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ रोगी निवडले. निम्म्यांना तीन औषधे दिली, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. त्या तिनांपैकी एक होते आपल्या सर्पगंधेचे रिसर्पिन. दीड वर्षाच्या आसपास निकाल इतका स्पष्ट झाला की प्रयोग थांबवावा लागला. पोकळ गोळ्यांच्या गटात २७ जणांवर गंभीर प्रसंग ओढवला, त्यांतले चौघे दगावले. औषधाच्या गटात असे प्रसंग फक्त दोन, मृत्यू एकही नाही. हे १९६७ साली प्रसिद्ध झाले.

या प्रयोगातली एक बारीकशी युक्ती मला फार आवडते. रोगी निवडण्याआधी डॉक्टरांनी त्यांची परीक्षा घेतली. त्यांना जी गोळी दिली तिच्यात रिबोफ्लाविन म्हणजे 'ब' गटातले एक जीवनसत्त्व मिसळले होते. ते घेतले की लघवी विशिष्ट प्रकाशाखाली चमकते. 'हो डॉक्टर, रोज घेतो' असे तोंडाने सांगणाऱ्याची लघवी चमकली नाही की तो घरी! पत्र्याच्या डब्यात अर्ध्याच वापरलेल्या पट्ट्या कशा साठतात ते त्या डॉक्टरांना ठाऊक होते.

माझ्या आईचेही तेच होते. डोके दुखले त्या दिवशी ती गोळी घेई. बरे वाटले की, "आता कशाला? औषधाची सवय लागते," असे म्हणून बंद. वस्तुतः वाढलेला दाब बहुतेकांना जाणवतच नाही. रूझवेल्टसारखा माणूस १८६ वर चालता-बोलता होता. दाब उतरलेला दिसतो तो गोळी चालू आहे म्हणून. मोट थांबवल्यावर पाटाचे पाणी किती वेळ वाहणार? काही औषधे तर एकदम सोडली की दाब पहिल्यापेक्षाही वर उसळी घेतो. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घ्यायच्या नाहीत, नेहमीची एकच घ्यायची. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या काही गोळ्याही दाब वाढवतात. आईला हे समजावता समजावता माझी तीन वर्षे गेली, आणि शेवटी ती ऐकली ती माझे नव्हे, शेजारच्या कंपाउंडरचे.

आता त्या सैनिकांच्या प्रयोगाकडे पुन्हा पाहा. १४३ रोगी, आणि सगळेच्या सगळे पुरुष. गरोदर बाईने काय करावे याचे उत्तर त्यात असणे शक्यच नव्हते.

गरोदरपणी येणारा हा विकार डॉक्टरांना नवा नव्हता. बाळंतपणाच्या सुमारास एखाद्या बाईला झटके येतात, शुद्ध हरपते, कधी आई जाते, कधी बाळ, कधी दोघेही. ग्रीक भाषेत विजेच्या लखलखाटावरून त्याला 'एक्लॅम्पसिया' म्हणतात. आपल्या खेड्यांत बाहेरची बाधा झाली म्हणून अंगारा लावीत, आणि तेवढ्यात वेळ निघून जाई. १८४३ साली लंडनच्या डॉ. लिव्हर यांना दिसले की अशा बायांच्या लघवीत प्रथिन उतरते. पुढे दंडाची पट्टी आली तेव्हा कळले की झटक्यापूर्वी दाबही चढतो. म्हणजे वीज कोसळण्याआधी ढग जमतात, आणि ते पाहता येतात. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे, बरगडीखाली दुखणे, चेहरा आणि हात एकाएकी सुजणे, ही लक्षणे दिसली तर त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. मात्र कित्येकींना यातले काही होत नाही. नुसता आकडा वाढतो. म्हणून प्रत्येक खेपेला दाब मोजायचा आणि लघवी तपासायची. झटक्यांवर कोणते औषध उत्तम हा वाद तर १९९५ पर्यंत चालला. अनेक देशांतल्या १,६८७ बायांवर झालेल्या तुलनेत मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त, जुने इंजेक्शन महागड्यांना सरस ठरले.

पण झटका येण्याआधी दाब उतरवायचा तर कशाने? येथे मेथिलडोपा या औषधाचे नाव घ्यावे लागते. ते १९६० च्या सुमारास पुढे आले. ऑक्सफर्डच्या डॉ. रेडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायांचे दोन गट करून ते देऊन पाहिले आणि १९७६ साली निकाल प्रसिद्ध केला. बाळे नीट जन्मली. दुसरा कोणी येथेच थांबला असता. हे लोक थांबले नाहीत. ती बाळे रांगू लागली, चालू लागली, शाळेत जाऊ लागली, तरी यांचे तपासणे चालूच होते. साडेसात वर्षांची होईपर्यंत त्यांची उंची, वजन, दृष्टी, बुद्धी सारे पाहिले, आणि १९८२ साली सांगितले की औषध घेतलेल्या आयांची मुले इतर मुलांच्या बरोबरीची आहेत. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मित्रांनी कल्पना करावी : आपल्या दुसरीच्या वर्गात बसलेल्या मुलांकडे पाहून एखादा डॉक्टर त्यांच्या जन्माआधी दिलेल्या गोळीचा हिशेब मांडतो आहे! मेथिलडोपा फार जोरकस औषध नाही, त्याने झोपही येते, तरी त्याच्यावरचा विश्वास अजून टिकून आहे तो या चिकाटीमुळे.

काकूंच्या डब्यातली गोळी मात्र वेगळ्या घराण्यातली. तिची कुळकथा ब्राझीलच्या रानात सुरू होते. तेथे जराराका नावाचा साप आहे. आपल्या फुरसे-घोणशीच्या कुळातला. त्याने दंश केलेल्या माणसाचा रक्तदाब एकदम कोसळतो. १९६५ साली सर्जिओ फेरेरा या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने त्या विषातला एक अंश वेगळा काढला, तो घेऊन ते लंडनला डॉ. जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथून धागा अमेरिकेत पोहोचला, आणि कुशमन आणि ओंडेट्टी यांनी त्या विषाच्या नमुन्यावरून १९७५ साली कॅप्टोप्रिल ही गोळी घडवली. १९८१ पासून ती तिथे विकली जाऊ लागली. पहिले औषध सर्पाच्या नावाचे, आणि हे तर सर्पाच्या विषापासूनचे!

गोळी गुणी निघाली. शरीरात अँजिओटेन्सिन नावाचे एक द्रव्य रक्तवाहिन्या आवळते. ते तयारच होऊ नये अशी या गोळीची करामत. मागाहून एनालाप्रिल, रॅमिप्रिल आल्या. १९९५ च्या सुमारास लॉसार्टन आली, नंतर टेलमिसार्टन. या त्या द्रव्याला त्याच्या जागी बसूच देत नाहीत. हृदयाला, मूत्रपिंडाला या औषधांचा आधार मोठा. आज काकूंसारखी लक्षावधी माणसे याच गोळ्यांवर धडधाकट आहेत.

पण पोटातल्या बाळाचे काय? ज्या द्रव्याची आपण मोठी माणसे वाट अडवतो तेच बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडाला चालू ठेवते. बाळ गर्भाशयात लघवी करते, आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापासून त्याच्याभोवतीचे पाणी बहुतांशी तेच असते. ते पाणी आटले की बाळाची फुप्फुसे फुलत नाहीत, हातपाय आखडतात, कवटीची हाडे नीट धरत नाहीत. मेंढ्या आणि सशांवर हे औषध देऊन पाहिले तेव्हा पिले मेलेली जन्मत, हे १९८० च्या सुमारासच दिसले होते. मागोमाग माणसांच्या बाळांच्याही तशाच बातम्या आल्या. कोणी जन्मल्यावर लघवीच केली नाही, कोणी दोन दिवसांत गेले. तरी अमेरिकेच्या औषध-खात्याने ठळक अक्षरांत इशारा छापायला १९९२ उजाडले. मधल्या दहा-बारा वर्षांत किती आयांनी निमूटपणे ती गोळी गिळली असेल? इतिहास शिकवणाऱ्याला अशा ठिकाणी तारखा नुसत्या तारखा राहत नाहीत.

तो इशारा मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढचा होता. पहिल्या तीन महिन्यांबद्दल २००६ साली एका पाहणीने काळजी वाटावी असे निष्कर्ष काढले. नंतरच्या मोठ्या पाहणीत तो धोका तितका स्पष्ट दिसला नाही. सल्ला मात्र बदललेला नाही. गरोदरपणी ही गोळी नको. आणि मूल व्हावे असा विचार असेल तर त्याआधीच डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावी. पट्टीवरच्या औषधाच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असेल तर ती या घराण्यातली, एवढी खूण शिक्षकांनी ध्यानात ठेवावी. पुष्कळ गोळ्यांत दोन औषधे एकत्र असतात, तेव्हा कंपनीचे मोठ्या अक्षरातले नाव सोडून खालची बारीक अक्षरे वाचायची. हृदयाचा ठोका आवरणाऱ्या औषधांपैकी ॲटेनोलॉलने बाळ वजनाने कमी भरते असेही दिसून आले आहे.

हे वाचून एखादी मुलगी उद्या सगळ्याच गोळ्या उकिरड्यावर टाकील, ही मला दुसरी भीती आहे. ती चूकही तितकीच मोठी. आमच्याच एका सहकाऱ्याच्या सुनेने दिवस राहिल्याचे कळताच 'बाळाला बाधेल' म्हणून स्वतःच औषध बंद केले आणि कोणालाच सांगितले नाही. आठव्या महिन्यात तिला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात न्यावे लागले. ती वाचली, बाळ वाचले नाही. आईचा दाब उतरवला तर बाळाला रक्त कमी पडेल, असे डॉक्टरांनाही बरीच वर्षे वाटे. २०२२ साली अमेरिकेत २,४०८ गरोदर बायांवर केलेल्या अभ्यासाने ती शंका फेडली. ज्यांचा दाब आधीपासून थोडा वाढलेला होता त्यांना औषधे देऊन तो १४० आणि ९० च्या खाली ठेवला, तेव्हा गंभीर प्रकार आणि अकाली बाळंतपणे कमी झाली, आणि बाळे काही लहान भरली नाहीत. तेव्हा औषध टाकायचे नाही, बदलून घ्यायचे. दिवस राहिल्याचे कळले की पट्टी पदरात बांधून त्याच आठवड्यात डॉक्टरांपुढे ठेवायची.

बदलून काय घ्यायचे, याचे एक चांगले उत्तर आपल्या नागपूरनेच दिले आहे. दाब फारच चढला, म्हणजे वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० झाला, तर शिरेतून औषध द्यावे अशी मोठ्या रुग्णालयांची रीत. पण त्याला यंत्र हवे, पाळीपाळीने बसणारी परिचारिका हवी. गडचिरोलीच्या आडगावी ते कोठून आणणार? तोंडाने घेण्याच्या साध्या गोळ्यांनी भागेल का, हे नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत २०१५ ते २०१७ या काळात पाहिले गेले. ८९४ बायांचे तीन गट केले. एकाला निफेडिपिन, एकाला लॅबेटालॉल, एकाला आपले जुने मेथिलडोपा. सहा तासांच्या आत, दुसरा काही अपाय न होता दाब आटोक्यात येणे ही कसोटी. निफेडिपिनला शंभरात ८४ जणी उतरल्या, लॅबेटालॉलला ७७ आणि मेथिलडोपाला ७६. २०१९ साली हे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आले. जेथे यंत्र नाही तेथे या तिनांपैकी जी गोळी कपाटात असेल ती उपयोगाची, असा त्याचा अर्थ. अर्थात ती द्यायची कोणी? दाब मोजणाऱ्याने, आणि पुन्हा पुन्हा मोजत राहणाऱ्याने. शेजारच्याच्या डब्यातून नव्हे.

या ८९४ बायांत विदर्भातल्या शेतमजूर, विणकर, घरकाम करणाऱ्या किती असतील, त्यांची नावे कोठे छापलेली नाहीत. रूझवेल्टच्या डोकेदुखीवर पुस्तके लिहिली गेली. जगभरच्या डॉक्टरांना वाट दाखवण्यात या बायांचा वाटा रूझवेल्टहून जास्त आहे, असे माझे मत आहे.

काकूंच्या मुलीला आम्ही त्याच दुपारी जीप करून तालुक्याला नेले. तिच्या लघवीत प्रथिन निघाले. चार दिवस तिला ठेवून घेतले, गोळी सुरू केली. मी पट्टी पाहिली. तिच्यावर लॅबेटालॉल लिहिले होते. नंतर घरी आल्यावर तिचा सातवीतला भाऊ एका वहीत रोज तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा, गोळी घेतली का, असे रकाने भरू लागला. पुढे जिल्ह्याच्या रुग्णालयात तिला मुलगी झाली. दिवस भरायला तीन आठवडे होते, वजन थोडे कमी, पण रडली खणखणीत.

घरी परतल्यावर काकूंनी ती वही फडताळात टाकून दिली, कारण बाळंतपण तर झाले. नर्सबाई पाचव्या दिवशी आल्या, त्यांनी दाब मोजला, तो पुन्हा चढलेला होता. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात असे होते, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, अंगावर पाजणाऱ्या आईला चालेल अशी गोळी विचारून घेतली आणि मुलाला म्हणाल्या, "अरे, ती वही आण बघू. अजून सहा आठवडे भरायचीय."